बाबांच्या हातचा पॅच

मी एक जुनी ट्यूब आहे, मित्रांनो. एसटी बसच्या मागच्या चाकातली. स्वभावाने मी भित्री आहे. जिच्या पोटात नुसती हवा आहे आणि जिला खिळ्यांच्या रस्त्यावर आयुष्य काढायचे आहे, तिने शूर असावे अशी अपेक्षा कुणी करू नये.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवते ती किनवटच्या रस्त्यावरची पहिली भीती. वर सत्तर माणसे, दोन शेळ्या आणि कुणाच्या तरी लग्नातले लोखंडी कपाट. खाली एक खिळा. मी तिथल्या तिथे बसले.

नांदेडच्या वर्कशॉपात टायरच्या कामावर केरबा होते. त्यांनी मला टाकीतल्या पाण्यात बुडवले, बुडबुडे पाहिले आणि मग सुटणारी हवा जाणवावी म्हणून त्या जागेजवळ आपला ओला गाल आणला. "डोळा फसतो, गाल न्हाई फसत," असे ते सोबत्यांना सांगत. एकतीस वर्षे त्यांनी असा गाल लावून लोकांना गावोगाव सुखरूप पोचवले. प्रवाशांना ड्रायव्हर दिसतो, कंडक्टर दिसतो. केरबा कुणाला दिसले नाहीत.

मी चाकाच्या कामाची उरले नाही तेव्हा केरबांनी मला भंगारातून सोडवून घरी आणले. त्यांची बायको धुरपताबाई दारातच म्हणाली, "लोक कामावरून मिठाई आणतेत. तुमी चाकाचं आतडं आणलं!"

"पोहायला हाय ते."

"कुणाला? तुमाला का चाकाला?"

चाकात असताना मला वाटे की खिळा ही जगातली सर्वांत वाईट गोष्ट आहे. मग मी गोदावरी पाहिली.

दर रविवारी केरबा मला खांद्यावर अडकवून नदीवर नेत. माझ्यात बसून, पाय पाण्यात सोडून, गळ टाकून तासन्‌तास मरळ माशाची वाट पाहत. कधी कंधारच्या तलावावर नेत, कधी किनवटच्या जंगलात ओढ्याकाठी मुक्काम करत. अर्ध्या गल्लीला त्यांनी माझ्यावर पोहायला शिकवले. काठावर धुरपताबाई माझ्या दोरीचे टोक पायाखाली दाबून डाळ निवडत बसे. तेवढाच काय तो मला धीर.

त्यांचा मुलगा आनंदराज मात्र दगडावर बसून स्पर्धा परीक्षेचे पुस्तक वाचायचा. केरबा हाक मारायचे. तो म्हणायचा, "बाबा, पुढच्या रविवारी." तो रविवार वीस वर्षे आला नाही. परीक्षा पास झाली, कचेरीतली खुर्ची मिळाली, पोहणे राहिले.

गेल्या वर्षी केरबांनी मला एक पॅच मारला. हातात पूर्वीचा जोर उरला नव्हता. पॅचची कड नीट चिकटली नाही. त्यांच्या गालाला ते कळले. "पुन्यांदा करावं लागंल," एवढे म्हणून त्यांनी मला बाजूला ठेवले. आठ दिवसांनी छातीत कळ आली आणि ते गेले.

मग घरात माझा मान एकदम वाढला. आनंदराजने मला त्यांच्या फोटोशेजारी खुंटीला टांगले, हार घातला. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगे, "बाबांची ट्यूब. हा शेवटचा पॅच त्यांच्या हातचा." लोक त्या पॅचला हात लावून नमस्कार करत. प्रत्येक नमस्काराने कड थोडी आणखी सुटत होती. मित्रांनो, श्रद्धेची एवढी धास्ती मी कधी घेतली नव्हती.

पहिल्या स्मृतिदिनी बुद्धवंदना झाली, खीर वाटली आणि आनंदराजला विचार सुचला. त्याची अकरा वर्षांची मुलगी धम्मप्रिया आजोबांच्या ट्यूबवर बसून गोदावरीत तरंगेल आणि तो व्हिडिओ काढेल. सगळे गहिवरले. धम्मप्रियाला आजोबांनी हात मारायला शिकवले होते. पाय मारायचे राहून गेले होते.

हवा भरायला आम्ही वीरेशच्या पंक्चरच्या दुकानात गेलो. वीरेशने माझ्यावर बोट फिरवले.

"दादा, ह्या पॅचची कड सुटली. काढून दुसरा मारतो. दहा मिनटं."

"हात लावू नको," आनंदराज म्हणाला. "बाबांच्या हातचा हाय तो."

"तुमच्या बाबांनीच मला ह्यो धंदा शिकवला, दादा. ते असते तर आधी ह्योच काढले असते."

"तू हवा भर फक्त."

वीरेशने हवा भरली. मी फुगत होते आणि मला फुगायचे नव्हते. ओरडायला तोंड नाही. एक वॉल्व्ह आहे, त्यावरही टोपण.

काठावर धुरपताबाईने माझी दोरी मागितली आणि दुसरे टोक नातीच्या कमरेला बांधायला घेतले.

"माय, व्हिडिओत दोरी बरी दिसंल का?" आनंदराज म्हणाला. "बाबांची ट्यूब हाय. काही होत न्हाई."

"बाबांची हाय, ह्ये पाण्याला कुणी सांगितलं?" असे म्हणून तिने आणखी एक गाठ मारली.

धम्मप्रिया माझ्यावर बसली. काठ दूर गेला. पॅच गार पडला, हलला. मी तिच्या मांडीखाली जमेल तेवढे आवळून धरले. पण हवेला धरता येत नाही. फर्रर्र आवाज झाला. "आजीऽऽ!" एवढेच ती ओरडू शकली. नाकातोंडात पाणी गेले. हात चालत होते, पाय खाली ओढत होते. आनंदराज पाण्यात धावला आणि छातीएवढ्या पाण्यात खांबासारखा उभा राहिला. त्याला पुढे जाता येत नव्हते.

धुरपताबाई ओरडली नाही. टाचा चिखलात रोवून तिने दोरी ओढली, विहिरीतून भरलेली घागर ओढावी तशी, हातावर हात टाकत. नात काठाला लागली, खोकली, रडली. मग धुरपताबाई मुलाकडे वळली.

"पॅच सुटला हुता?"

"वीरेश म्हणाला हुता... पण बाबांच्या हातचा..."

"तुझ्या बापानं उभ्या जन्मात सुटलेला पॅच ठिवला न्हाई. आन्‌ तू त्याला हार घातलास!"

तो रडला. वर्षभर हाराआड तुंबलेले सगळे बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी वीरेशने तो पॅच काढला. घासताना मला दुखले. केरबांची एवढीच खूण माझ्या अंगावर उरली होती. नवा पॅच त्याने गाल लावून तपासला. मित्रांनो, तुमच्या घरी गेलेल्या माणसाची वस्तू असेल, तर तिला खुंटीवर पुजू नका. तिची डागडुजी करा आणि तिला वापरा.

पुढच्या रविवारी आनंदराज पाण्यात उतरला. काठावर आई दोरी धरून, शेजारी लेक सूचना देत: "पप्पा, पाय! पाय मारा!" वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मला दोन्ही हातांनी कवटाळून तो कुजबुजला, "सोडू नको बरं का."

धरले त्याने होते. मीही तितकीच घाबरले होते. तरी आम्ही निघालो.