पूर्वानुभव

"अबे, हा कोन? अन् तोंडावर जाळी काऊन बांधली यानं?"

आमचे मालक धर्मेंद्रभाऊ माझ्या खुर्चीमागे उभे होते. सुपारी-तंबाखूच्या खर्र्याचा वास आधी आला, आवाज नंतर. लॅपटॉप मिटायला उशीर झाला होता.

"बेसबॉलचा गेम आहे, भाऊ. हा कॅचर, चेंडू अडवतो. मी खेळत नाही, संघ चालवतो. याचा करार संपून राह्यला, तो वाढवतोय."

"म्हंजे आपलाच धंदा!" भाऊ खुर्ची ओढून बसले. "कर. पाहू दे."

आमची एजन्सी कॉलेजांना, दवाखान्यांना कंत्राटी माणसं पुरवते. बी.एस्सी. होऊन मी तिथे फायली लावतो.

मी दाखवलं. हर्नान, वय पस्तीस, संगणकाने बनवलेला माणूस. त्याला दोन वर्षांचा करार हवा होता. नावापुढे दोन आकडे होते: लोभ २२, निष्ठा ९१. हे प्रयोगशाळेतल्या टायट्रेशनसारखंच असतं, रंग बदलेपर्यंत थेंब थेंब टाकत जाण्यासारखं. देऊ केलेलं थोडं थोडं कमी करत जायचं आणि खेळाडूची तयारी दाखवणाऱ्या खालच्या हिरव्या पट्टीचा रंग बदलू लागला की थांबायचं. निष्ठा जास्त असेल तर रंग उशिरा बदलतो. मी एकच वर्ष देऊ केलं, सोबत कर्णधारपद. कर्णधारपद द्यायला काहीच लागत नाही. हर्नानने सही केली.

"वा रे पठ्ठ्या!" भाऊ डब्यात थुंकले. "दुपारी शकुबाई येऊन राह्यली, करार वाढवाले. तूच बोल तिच्याशी."

मला तेव्हा किळस आली नाही. उलट बरं वाटलं.

शकुबाई माझ्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होती. द्रावणं तीच बनवायची. पहिल्या वर्षी माझ्या खांद्यावरून फ्लास्कमध्ये पाहून म्हणाली होती, "गडद गुलाबी झाला बाबू. फेक. एक थेंब पह्यले थांबाचं." सरांनी जे वर्षभर सांगितलं, ते मला त्या वाक्याने कळलं. चौदा वर्षं ती तिथे होती, पण आमच्या फायलीत ती चौदा वर्षं नव्हती. आमची ऑर्डर अकरा महिन्यांची असते. मग एक दिवस खंड आणि नवी ऑर्डर. कागदावर ती दर वर्षी नवीन.

दुपारी ती सिंदी मेघेहून सायकलने आली. घाम पुसत हसली.

"सुमीतबाबू, तू इथं? बरं झालं. आपला मानूस हाय."

तिने प्लास्टिकच्या पिशवीतून वर्तमानपत्राचं पान काढलं. एका संस्थेत प्रयोगशाळा परिचराची कायम जागा होती. दहा वर्षांचा सलग अनुभव हवा. वय पंचेचाळीसच्या आत.

"मले पुढच्या महिन्यात पंचेचाळीस पुरे होते. यानंतर काई नाई मंग. पगार नको वाढवू, बाबू. फक्त चौदा वर्सं एका कागदावर लिहून दे. सलग. खंडाच्या दिवशीबी लॅबचं कुलूप मीच उघडलं, कोनालेबी विचार."

पार्टिशनपलीकडे भाऊंचा खर्रा घोटण्याचा आवाज थांबला. असा कागद उद्या कोर्टात गेला तर तिला कायम करावं लागेल, हे मला माहीत होतं. आणि 'नाही' म्हणायचं नसतं, हे गेमने शिकवलं होतं.

"कागदाचं पाहू," मी म्हणालो. "पण तुमचं पद वाढवून देतो. यंदापासून 'वरिष्ठ परिचर'. बिल्ल्यावर छापून."

"वरिष्ठ म्हंजे मोठी ना?"

"हो."

"अन् कागद?"

"पाहू."

"परवा मुदत संपते, बाबू."

"पाहू ना, शकुबाई."

रीडिंग न घेता आकडा लिहिणारी पोरं ती नुसतं तोंड पाहून ओळखायची. तिने माझ्याकडे तसं पाहिलं. मी तिच्या चेहऱ्याचा रंग बदलायची वाट पाहत होतो. तो बदलला नाही.

"आन फॉर्म," ती म्हणाली.

सावकाश, गोल अक्षरात तिने नाव लिहिलं. पद: वरिष्ठ परिचर. त्याखाली पूर्वानुभवाचा रकाना होता.

"इथं 'नाही' लिहाचं ना? दर वर्सी तुमचे भाऊ तसंच सांगते."

मी मान हलवली. तिने 'नाही' लिहिलं आणि सही केली.

ती उठताच भाऊ आले. "बिना आवाजाचं काम केलं बे!" त्यांचा हात माझ्या खांद्यावर पडला, बोटांना सुपारी आणि चुना चिकटलेला. हात झटकावासा वाटला, पण 'पाहू ना, शकुबाई' म्हणणारा आवाज भाऊंचा नव्हता. तो माझ्याच तोंडात अजून होता, शिळ्या चहासारखा.

शकुबाई गेली नव्हती. टेबलावर सकाळपासून पडलेले चहाचे तीन उष्टे ग्लास घेऊन ती बाहेर नळावर बसली होती. लॅबमध्ये विसळायची तसे तिने ते तीनदा विसळले. आत येऊन जाहिरातीचं पान टेबलावर पसरलं आणि ग्लास त्यावर पालथे घातले.

"राहू द्या ना, शकुबाई."

"वाळू दे. ओल्यात चहा नको ओतजो," ती म्हणाली आणि सायकलकडे गेली.

पानावर पाण्याची तीन वर्तुळं पसरत गेली. मी एक ग्लास उचलून खिडकीच्या उजेडात धरला. काच खरंच स्वच्छ असली तर तिला थेंब चिकटत नाहीत, हे तिनेच शिकवलं होतं.

एकही थेंब नव्हता.