आधी कार्ड

दुरुस्तीवाल्याने कॉम्प्युटर उघडला, आत वाकून वास घेतला आणि मान हलवली.

"कार्ड राहू द्या. आधी पॉवर सप्लाय बदला. वायर करपायला लागली आहे."

दोन्ही घेणं दादाला झेपणारं नव्हतं. धाकटीचा नवा गेम मात्र जुन्या ग्राफिक्स कार्डवर सारखा अडखळत होता.

"पॉवर सप्लाय चार वर्षं चाललाय, अजून चार महिने चालेल," ती म्हणाली.

दादाला पटलं नव्हतं, पण बहिणीची हौस मोडणं त्याच्या जिवावर आलं. त्याने कार्डच घेतलं.

गेम लोण्यासारखा चालू लागला. धाकटी खुर्चीवरून उठेना. आतला पंखा घरघरू लागला, तेव्हा तिने कानांवर हेडफोन चढवले.

रविवारी गेमचा नवा भाग डाउनलोडला लावून ती दादाबरोबर मावशीकडे जेवायला निघाली.

वाटेत त्याने विचारलं, "बंद केलास ना कॉम्प्युटर?"

"हो," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

दुपारी ते परतले, तर शेजारच्या काकू जिन्यातच उभ्या होत्या. त्यांच्या साडीवर काजळी होती.

"दार फोडावं लागलं रे," त्या हळूच म्हणाल्या.

दादा दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेला. धाकटीला मात्र पहिल्या पायरीवरून पाय उचलवेना.