आगाऊ तलाक

"दुसऱ्याचा हात खिशाकडे वळायच्या आत आपली शपथ सुटली पाहिजे, पोरा. पाहुण्याच्या हाती पैसा, घरधन्याच्या तोंडी माती!"

सोहाग गावातल्या कॉफीखान्यात बाकावर पाय लोंबकळवत बसलेल्या शाझलीनं बापाचा हा आवाज ऐकला, तेव्हा त्याचे दुधाचे दात पडत होते. दात पडले, नवे आले. आवाज मात्र हिरडीत रुतून राहिला. आता तो मन्सूरा शहरातल्या कॉलेजात शेतकी शिकत होता. नाईल नदीसारखाच वरच्या अंगाकडून खाली आलेला, आणि पैसाही त्याच्या हातून पाण्यासारखाच खाली वाहायचा. चैन म्हणाल तर एक नाही. पण चहाचं, उसाच्या रसाचं बिल आलं की हा उठून गरजायचा, "पैसे मीच देणार, नाहीतर माझ्यावर तलाक!" म्हणजे, दुसऱ्या कुणी पैसे दिले तर माझी बायको मला सुटली. त्याच्या मुलखात पुरुष ऊठसूट ही शपथ घेतात. चार जण घेतात, ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. शाझलीचा आवाज उसाच्या मळ्यात घडलेला. तो नेहमी जिंकायचा आणि मग उपाशी झोपायचा.

या खेपेला मात्र जिवावर बेतलं. शुक्रवारी त्याच्या धाकट्या बहिणीची, नजाहची, पाठवणी होती. दारात भाऊ उभा नसेल तर नवरीचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडेल कसं? खिशात उरलं होतं फक्त गाडीभाडं, आणि शुक्रवारच्या आड कितीतरी चहा होते.

म्हणून तो इनायत मॅडमच्या खोलीत गेला. मुलांना पैशाचं शहाणपण शिकवायला कॉलेजनं त्यांना नेमलं होतं.

"जुगार?" मॅडमनी विचारलं.

"छे, मॅडम."

"मुलगी?"

"देवाशप्पथ नाही."

"मग जातात कुठे पैसे?"

एवढ्यात कँटीनवाला मॅडमचा चहा घेऊन आला. शाझली खुर्चीतून उसळला. "मॅडम, याचे पैसे मी देणार! नाहीतर माझ्यावर तलाक!"

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कळलं कुठे जातात. बस खाली. लग्न झालंय तुझं?"

"नाही."

"मग तलाक कुणाला?"

"जी येईल तिला," शाझली मान खाली घालून म्हणाला. "आगाऊ."

"शाबास! पगार यायचाय, बायको यायचीय, आणि गडी दोन्ही आधीच उधळून बसलाय! आता एक वाक्य शिक. छोटं आहे. म्हण, 'माझ्याकडे पैसे नाहीत.'"

शाझलीनं तोंड उघडलं. "माझ्याकडे... वेळ नाही."

"पैसे!"

"माझ्याकडे पैसे... ठेवायला पाकीट नाही."

हसून हसून मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. डोळे पुसत म्हणाल्या, "बरं, राहिलं. बोलता येत नसेल तर निदान ओरडू नकोस. समोरचा शपथ घेईल, त्याला घेऊ दे. तू नुसतं 'बरं' म्हण. 'बरं' म्हणायला पैसे पडत नाहीत." आणि त्यांनी गाडीभाडं त्याच्या आतल्या खिशात पिनेनं टाचायला लावलं. "हात गेला की टोचेल. टोचलं की अक्कल येईल."

बुधवारी दुपारी वसतिगृहाच्या फाटकाशी एक ट्रक येऊन उभा राहिला. वर पलंग, कपाट, आरसा, आणि खाली हसतमुख दियाब. नजाहचा नवरा. निकाह रमजानच्या आधीच झाला होता. लाकूडकामासाठी नावाजलेल्या दुमयातहून संसाराचं सामान घेऊन तो गावी चालला होता.

"काय मेव्हणे! पुढची सीट मोकळी आहे. चला, असेच निघू."

"छे हो दाजी! माझं एसी डब्याचं तिकीट काढून ठेवलंय." शाझलीच्या जिभेला कधी लगाम नव्हताच. "आधी जेवायला चला. कबुतरं खाऊ."

भरलेली कबुतरं आली, गेली. हाडं उरली, आणि बिल आलं. दियाबनं छाती ठोकली. "पैसे मी देणार! नाहीतर माझ्यावर तलाक!"

शाझलीची छाती भात्यासारखी फुगली, हात आत गेला, आणि पिन टोचली.

"बरं," तो म्हणाला.

"काय?"

"बरं म्हटलं, दाजी. द्या तुम्ही."

दियाबला जन्मात कुणी इतक्या लवकर 'बरं' म्हटलं नव्हतं. त्यानं डावा खिसा चाचपला, उजवा चाचपला. कान लाल झाले. "सुतारानं आरशाचे जास्त घेतले," तो पुटपुटला. "मला वाटलं, तुम्ही चारदा तरी नाही म्हणाल..."

शाझलीनं पिन सोडवायला घेतली, तर वेटरच आडवा आला. "थांबा! यांनी शपथ घेतलीय. तुम्ही दिलेत तर यांची बायको सुटेल. कोण यांची बायको?"

"माझी बहीण," शाझली म्हणाला.

वेटरनं तबक खाली ठेवलं. शेजारच्या टेबलावरचा म्हातारा घास तसाच धरून म्हणाला, "वा रे वा! पलंग ट्रकात, नवरी माहेरात, आणि तलाक मन्सूरात!"

अख्खी खानावळ हसली. दियाब मात्र हसला नाही. एवढा धिप्पाड माणूस, पण अपराधी पोरासारखा ताटातल्या हाडांकडे बघत बसला होता. हाच परवा नजाहला घरी नेणार होता. शाझलीला एकदम त्याची माया आली, आणि घशात काटा अडकावा तसं अडलेलं ते वाक्य मायेच्या धक्क्यानं वर आलं.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "तिकीट मी काढलेलंच नाही. माझ्याकडे पैसे नाहीत. गाडीभाडं आहे तेवढंच. ते हातात धरा, तुमच्या हातानं बिल द्या, आणि मला ट्रकमधून घरी न्या."