सिग्नलला मरणारी गाडी

नवी कोरी गाडी सिग्नलला बंद पडते, हे कंपनीला पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले होते. वर्कशॉपमध्ये नेली की ती शहाण्या मुलीसारखी चालायची. शेवटी, गाडी परत घ्यायची की नाही हे ठरवायला कंपनीने आपला इंजिनिअर पाठवला.

चालवणार कोण, तर अर्थात नवरा. इंजिनिअर शेजारी, मी मागे. एकामागून एक सिग्नल गेले, गाडी बंद पडायचं नाव घेईना. माझी नुसती चुळबुळ चालली होती. मग माझं लक्ष नवऱ्याच्या हाताकडे गेलं. सिग्नल लाल दिसला की तो एसी बंद करत होता आणि पायाने ॲक्सिलरेटर हलकेच दाबून ठेवत होता. गाडीचे लाड पुरवून पुरवून हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

"अहो, तुम्ही मागे या," मी म्हणाले. "साहेबांना चालवू द्या."

पुढच्याच चौकात गाडी मेली. मागून हॉर्नचा भडिमार सुरू झाला. इंजिनिअरला घाम फुटला. इतका आनंद मला गाडी घरी आणली त्या दिवशीही झाला नव्हता.

तेवढ्यात नवरा पुढे वाकला. "घाबरू नका हो. आधी एसी बंद करा. आता ॲक्सिलरेटर थोडा दाबून चावी फिरवा."

गाडी सुरू झाली. इंजिनिअरने कपाळ पुसलं.

"म्हणजे गाडी ठीक आहे," तो म्हणाला. "चालवायची पद्धत कळली पाहिजे."

"हिला तेच सांगतोय कधीचा," नवरा म्हणाला.