मंत्रमुग्ध

मोनालीचं डोकं फिरलं ते एका शब्दापायी. देवळीच्या स्टँडवर तिनं उभ्या उभ्या साप्ताहिक उघडलं, ती ओळ वाचली, आणि वर्धेची बस समोरून निघून गेली तरी तिला पत्ता नाही.

‘तानाबाईंच्या सुश्राव्य गायनाने रसिक मंत्रमुग्ध.’ खाली चौदा मान्यवरांची नावं. आणि त्याखाली, जन्मात पहिल्यांदा छापलेलं, तिचं स्वतःचं नाव.

अहो, कुठलं मंत्रमुग्ध! रविवारी तीनचा भीमगीतांचा कार्यक्रम. तानाबाई आपली पार्टी घेऊन वेळेवर पेटी-ढोलकीपाशी बसल्या. मग सत्कार सुरू झाले. शाल, नारळ, भाषण. शाल, नारळ, भाषण. पाच वाजता बाईंच्या हाती माइक आला. एक गाणं झालं, दुसऱ्याचा मुखडा होतो न होतो तोच हॉलवाल्यानं माइक बंद केला, कारण सहाच्या रिसेप्शनसाठी हॉल सजवायचा होता. मोनालीनं हे सगळं लिहून दिलं होतं. गाण्यावर लिहायला शिकायचं म्हणून तर ती सहा महिने त्या साप्ताहिकात इतरांच्या बातम्या टाइप करत होती.

पुढच्या बसनं ती तडक वर्धेला संपादकांपुढे जाऊन उभी राहिली. रूपरावजी बशीत चहा ओतत होते.

"सर, माया मजकूर काऊन बदलला?"

"बदलला कुठं? कार्यक्रमाची पत्रिका आली का बातमी मी शुक्रवारीच करून ठेवतो. नावं तेवढी टाकाची."

"म्हणजे गाणं व्हायच्या आधीच रसिक मंत्रमुग्ध?"

"वरून तुयं नाव टाकलं, तरी मलेच बोलून राह्यली?"

"खोट्याखाली मायं नाव नका टाकू!" टेबलावरचा आपला कागद ओढून ती निघाली.

तिथून ती वर्धेला लागूनच असलेल्या सिंदी मेघेत तानाबाईंच्या घरी गेली. बाई दारातच होत्या, हातात तोच अंक. "काय वं, मी गायली कुठं? चार गाने बसवले होते म्या. हे का लिहून ठेवलं?"

"आत्या, हे मी नाई लिहिलं. मायं हे आहे." मोनालीनं तावातावानं कागद वाचून दाखवला. शाली, नारळ, बंद माइक, सगळं. शेवटी, ‘जे एकच गाणं झालं, ते निर्दोष झालं.’ आता बाई पाठ थोपटतील असं तिला वाटलं.

"दुसऱ्या कडव्यात माया आवाज फाटला होता," तानाबाई म्हणाल्या. "तू पुढंच बसली होती. आयकू नाई आलं?"

"आलं ना."

"मंग?"

"तुमाले वाईट वाटलं असतं..."

"रूपरावनं आयकलंच नाई. तू आयकून खोटं लिहिलं." बाईंनी कागद तिच्या हातात कोंबला. "दोन घंटे सुक्या गळ्यानं बसवलं, पानी नाई इचारलं कोनी, म्हनून फाटला. तेवढं लिहिलं असतं, तर माया राग तरी छापाले गेला असता."

रूपरावजींवर आला नव्हता एवढा राग मोनालीला आता स्वतःचा आला. तिथंच ओट्यावर बसून तिनं ‘निर्दोष’ खोडलं.