मालवणात फुकट जेवलो त्याची गोष्ट

मल्लेशसोबत परत कुठं जाणार न्हाई. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं वाचताना कोणी चांगला वाटायला नको. मी पण न्हाई.

मी मन्मथ, लोह्याचा. मल्लेश देगलूरचा. नांदेडात एका खोलीत राहतो. तो मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात, मी झेरॉक्सवर. त्याचं एक चॅनेल हाय, ‘खिसा वाचवा, दुनिया बघा’. त्याचं म्हणणं एकच, पैसे टाकून तर कोणीबी फिरतं. समुद्र दोघांनीबी बघितला नव्हता. त्यानं मालवण काढलं, कारण तिथला किल्लाबी समुद्रात हाय, म्हणजे एका व्हिडिओत दोन कामं.

लातूर, सोलापूर, कोल्हापूर, एसटी बदलत बदलत सकाळी पोहोचलो. मला समुद्र दिसला. मल्लेश समुद्राकडं पाठ करून उभा राहिला अन् मोबाईल वर धरला. एवढा मोठा समुद्र, पण ह्याला त्याच्यात स्वतःचं डोकं पाहिजे होतं.

लॉज त्यानंच शोधला, सगळ्यात स्वस्त. खाली जाळ्यांची खोली, वर पत्रा, पत्र्याखाली आम्ही. गादी ओली. उशीला दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्याचं तेल, पिवळं झालेलं. मी माझी पिशवी डोक्याखाली घेतली तर मल्लेश म्हणला, लई नाजूक झालास.

किनाऱ्यावर वेफरची पाकिटं, बाटल्या, एका दगडाला गुंडाळलेलं लेकराचं डायपर. तिथल्या लोकांनी न्हाई टाकलेलं. आमच्यासारख्यांनीच. मल्लेशनं डायपर पायानं बाजूला सरकवलं अन् तिथंच उभा राहून ‘स्वच्छ किनारा’ म्हणून शूट केलं.

मग दिवसभर त्याचा जुगाड चालू. एका बाईचं कोकम सरबत अर्धं प्यायला अन् लई आंबट हाय म्हणून पैसे परत मागितले. बाईनं दिले. तिच्या तोंडावर जे आलं ते मला अजून दिसून राहिलंय. किल्ल्याच्या होडीवाल्याला म्हणला, एका तिकिटात दोघं न्या. त्यानं नुसतं बघितलं. मग मल्लेश म्हणला किल्ला इथूनबी दिसतो.

खाण्याचं तर हालच. आम्ही दोघंबी गळ्यात लिंग असलेल्या लिंगायत घरातले, मासळीचा वास आला तरी मी नाक दाबतो. घरून आणलेल्या धपाट्यांना तिथल्या दमट हवेनं दुसऱ्या दिवशी बुरशी धरली. मल्लेशनं हिरवं हिरवं नखानं काढून खाल्लं. मी खाल्लं न्हाई.

अशा उपाशी पोटी दुसऱ्या दिवशी दुपारी एका घरापुढं मांडव दिसला. अंगणात पंगत बसलेली. केळीच्या पानावर वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, भात. मासळी न्हाई. मल्लेश म्हणला, चल.

आता हे तुम्हाला चूक वाटेल. पण नांदेडात राहणाऱ्या माणसाला पंगत दिसली की ती आपलीच वाटते. गुरुद्वाऱ्यात लंगरला बसताना कोणी विचारत न्हाई तू कोणाचा. गावाकडं मठात प्रसाद असला तर वाटसरूला हाताला धरून बसवतात. विचारायचं असतं हेच आम्हाला ठाऊक न्हाई. आम्ही चपला काढल्या, पाय धुतले, बसलो. वाढणाऱ्यानं वाढलं. मल्लेशनं मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून चालू ठेवला.

दुसऱ्यांदा भात घेताना माझं लक्ष दरवाजाकडं गेलं. आत खुर्चीवर फोटो, फोटोला हार. आमच्याच वयाचं पोरगं, टोपी घातलेलं, हसून राहिलेलं. बाराव्याचं जेवण होतं ते.

मी मल्लेशला कोपर मारलं. त्यानं फोटो बघितला अन् वडा मोडला.

तेवढ्यात एक बाई आमच्यापुढं येऊन बसली. पन्नाशीची, डोळे सुजलेले. फोटोतल्या पोराची आई. तिनं आमच्या पिशव्या बघितल्या, कपडे बघितले, अन् विचारलं, रुपेशचे दोस्त ना तुम्ही? पोरगं किल्ल्याच्या होडीवर कामाला होतं. फिरायला आलेल्या कोणासोबतबी त्याची दोस्ती व्हायची, अन् घरी या म्हणून सगळ्यांना सांगायचं. पुण्या-सोलापूरचे कितीतरी नंबर त्याच्या मोबाईलमध्ये होते. तिला वाटलं, तो गेल्याचं ऐकून आलो.

मी तोंड उघडणार, तर मल्लेश म्हणला, “हाव मावशी. दोस्तच. कळलं तसं निघालो.”

एवढंच. वडा तोंडात असताना.

मग तिनं सगळं सांगितलं. लेप्टोचा ताप, चार दिवसात खेळ खलास. अन् त्याच्या आधी महिनाभर दोघांचं बोलणं बंद होतं. होडी सोड, मुंबईला चुलत्याकडं नोकरी धर म्हणून ती मागं लागली होती, त्यानं ऐकलं न्हाई, तर तिनंच म्हणलं होतं तोंड दाखवू नको. तो होडीवरच झोपायला लागला. तापात आणला तेव्हा शुद्धीवर नव्हता. म्हणजे शेवटचं जे बोलली ते तेच. तिला फक्त एवढं कळायला पाहिजे होतं, त्या महिन्यात तो तिच्यावर रागावलेला होता का. इथल्या दोस्तांना विचारलं तर ते तिचं मन राखून बोलतात. परगावचं माणूस खरं सांगेल असं तिला वाटलं.

परगावचा मल्लेश म्हणला, मावशी, तुमच्याबद्दल तर तो देवासारखं बोलायचा.

ती बाई रडली. मग उठून आत गेली, अन् तिची जाऊ बाहेर येऊन आमच्या पाया पडायचीच बाकी राहिली. म्हणे बारा दिवसात नीट जेवली नव्हती, आता पान मागून घेतलं. दरवाजातून मला दिसलं, ती फोटोखाली बसून भात कालवून खात होती. हावऱ्यासारखी.

तिथून पुढं आमची चैन झाली. लॉज सोडला, त्यांच्याच ओट्यावर चटया. चार वाजता रुपेशच्या होडीवरचा दाजी नावाचा माणूस आम्हाला किल्ल्यावर घेऊन गेला, पैशाचं नाव काढू दिलं न्हाई. रुपेश कुठं बसायचा ती फळी दाखवली. मल्लेश तिच्यावर बसला. किल्ल्यात गेल्यावर तटाला पाठ लावून त्यानं सुरू केलं, मित्रांनो, जेवण फुकट, मुक्काम फुकट, होडी फुकट, जुगाड शेवटपर्यंत बघा.

मी मोबाईल हिसकावला. पंगतीत ती बाई येऊन बसते तेवढा तुकडा काढून टाकायला लावला. तो म्हणला, एवढं काय, बाई जेवली की न्हाई? आपल्यामुळं जेवली. तू बोलला असतास तर उपाशी राहिली असती. अन् खालून दाजीनं हाक मारली तेव्हा ह्यानं तोंड पडेल केलं, दोस्त मेल्यासारखं. एका सेकंदात. मला त्या तोंडाची जी शिसारी आली, ती लॉजच्या उशीचीबी आली नव्हती.

त्याच्या बोलण्यात चूक काय हे मला रात्रभर सांगता आलं न्हाई.

सकाळी मल्लेश त्यांच्या विहिरीवर आंघोळ करून राहिला होता, त्यांच्याच साबणानं. मी मागच्या पडवीत गेलो. ती एकटीच होती. माझ्यासाठी दोन वस्तू काढून ठेवल्या होत्या. पेपरात बांधलेले वडे, अन् रुपेशची टोपी, फोटोतली. वडे माझ्या हातात दिले, टोपी तिनं स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर ठेवली. मग माझ्यासमोर बसली.

“काल तो दुसरोच बोललो. तू काय बोललं नाय. तू सांग, माझ्यार रागार होतो काय रे तो?”

न्हाई म्हणायचं होतं. एक शब्द. मल्लेशनं काल जे केलं त्याच्यावर नुसती मान हलवायची होती. टोपीत घामाचा वास होता, जुना, दुसऱ्याच्या डोक्याचा.

“मावशी, आम्ही त्याला ओळखत न्हाई,” मी म्हणलो. “कधी बघितला पण न्हाई. भूक लागली होती म्हणून बसलो. आमच्याकडं पंगतीत कोणीबी बसतं.”

तिला आधी कळलंच न्हाई. मी परत सांगितलं. लंगरचं सांगितलं, मठाचं सांगितलं, लई बोललो. बोलता बोलता मलाच कळून राहिलं की हे मी तिच्यासाठी सांगत न्हाई, माझं पोट साफ व्हावं म्हणून सांगतोय. पण तोंड थांबेना.

ती ओरडली न्हाई. माझ्या डोक्यावरची टोपी काढली, लुगड्याला पुसली. मी हातातले वडे पुढं केले, तर हात मागं घेतला.

“घास परत घेवचो नसता. ने.” मग टोपीकडं बघत म्हणली, “म्हणजे तो काय बोललो ता कोणाकच म्हायत नाय.”

ती उठून आत गेली. चुलीवर काहीतरी ठेवलेलं होतं, ते तिनं उतरवून बाजूला केलं अन् झाकण घातलं. तिच्या जावेनं आतून विचारलं, जेवतीस ना?

मल्लेश ओल्या केसानं पुढं उभा होता. मी पिशवी उचलली अन् चाललो. स्टँडवर सांगितलं त्याला. तो माझ्याकडं असा बघायला लागला की जसं मीच काहीतरी घाण केली. म्हणला, “बाईचं जेवण तोडलंस तू. मी तर जेवू घातलं होतं.”

एसटीत माझ्या बाजूला न्हाई बसला. घाटात आल्यावर मागून हात लांब करून वड्याचा पुडा घेतला. पेपराला तेल सुटलेलं. तो खाऊन राहिला होता अन् बोटं सीटच्या कापडाला पुसत होता. मी खिडकीकडं तोंड केलं.

कोल्हापूरच्या स्टँडवर दुपार झाली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. पुड्यात एक उरला होता. मल्लेशनं तो पुढं केला.

मी खाल्ला. गार झालेला, जरा चिवट. मेथी होती बहुतेक त्याच्यात. लई चांगला होता, हेच मला अजून सहन होत न्हाई.