खांबाचा आवाज

नदीचं पाणी ओसरलं की सुतारकाका हातोडा घेऊन होडीच्या धक्क्याखाली उतरत आणि वर उभी असलेली माणसं आपोआप गप्प होत. धक्क्याचा एकेक लाकडी खांब ठोकून काका फक्त 'चालेल' किंवा 'बदला' एवढंच म्हणत. चांगला खांब खणकन वाजतो, आतून कुजलेला ठप्प करतो. हा फरक ओळखणाऱ्या आपल्या कानाचा काकांना भारी तोरा. मागे एकदा धाकट्या भावाने एका खांबाबद्दल शंका काढली, तर चारचौघांत त्याची अशी बिनपाण्याने केली की तो बिचारा अजून समोर यायला कचरतो.

यंदा सगळे खांब सारखेच वाजले. काकांनी पुन्हा ठोकलं, कान लाकडाला लावला. लांब कुणीतरी उशी बडवावी तसं काहीतरी, बस्स. वर माणसं ताटकळत होती.

"काय काका?" नावाड्याने विचारलं. त्याचा आवाज भोंग्यासारखा, तो काकांनाही ऐकू येई.

"चालेल," काका म्हणाले. "सगळेच चालतील."

थाप मारून तर झाली, पण ती काही पचेना. जेवताना घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला, कारण समोर त्यांची मुलगी बसली होती. धक्क्यावर तिकिटं तीच द्यायची आणि तिची खोली त्याच खांबांवर उभी होती.

दुसऱ्या दिवशी होड्या सुरू झाल्या. काका पटाशी खिशात लपवून चोरासारखे चिखलात उतरले. कुणी हटकलंच तर मोजपट्टी शोधतोय म्हणून सांगायचं ठरवलं होतं. लाकूड कायम पाण्यात राहिलं तर टिकतं, कायम कोरडं राहिलं तरी टिकतं. मरतं ते मधल्या पट्ट्यात, जिथे आज ओल तर उद्या वारा. बुरशी तिथेच घर करते. काकांनी नेमकी तिथे पटाशी टोचायला सुरुवात केली. पहिल्या काही खांबांत ती शिरेना. तिकिटाच्या खोलीखालचा कोपऱ्यातला खांब बाहेरून काळाभोर, देखणा होता. त्यात पटाशी मुठीपर्यंत गेली. बाहेर काढली तर पात्याला पांढरे तंतू आणि भिजल्या पावासारखा भुगा.

काकांनी मान उचलली. वर फळ्यांच्या फटीतून मुलीच्या खुर्चीचा पाय दिसत होता.

"उतरा!" ते ओरडले. "सगळे खाली उतरा!"

वर होती तेवढी माणसं धावत काठावर आली, जिथे बाकीची रांगेत थांबली होती. मुलगी सगळ्यांत शेवटी आली. काकांनी पटाशी वर करून दाखवली.

"बघा!" नावाडी गरजला. "काल पास केलेलं काम आज पुन्हा येऊन तपासलं. याला म्हणतात कामाची चाड!"

लोकांनी माना डोलावल्या. आणि खरं सांगायचं तर काकांनीही अर्धी मान डोलावली. मग त्यांना गर्दीत धाकटा भाऊ दिसला, तोही कौतुकाने बघत होता. काकांना शरमेने मेल्यासारखं झालं.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "केव्हापासूनच येत नाही. काल मी थाप मारली."

भावाने नजर खाली वळवली. काका मुलीकडे वळले.

"तुला हे ठाऊक असतं, तर तू तिथे बसलीच नसतीस."

तिने 'ठाऊक होतं' अशी मान हलवली.

"मग का बसलीस?"

ती खालच्या आवाजात काहीतरी बोलली.

"काय?"

तिने सभोवार बघितलं. तिचे डोळे भरून आले होते. मग तिने त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि साऱ्या काठाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तेच पुन्हा सांगितलं, "धक्क्यावर भार पडू नये म्हणून लोकांना मी एकेक करून सोडत होते, बाबा. पण मीच बसले नसते, तर तुमच्या शब्दाला काय किंमत राहिली असती?"